चार सिलिंडर, चार थ्रॉटल : रत्नागिरीतल्या एका एस्टीमच्या प्रकल्प नोंदी

१२ मे २०२४

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल, म्हणजे पेडलने उघडणारी हवेची झडप, बसवण्याचे काम हाती घेतले आहे; आजपासून त्याची नोंद ठेवण्यास सुरुवात करीत आहे. गाडी २००४ सालची मारुती एस्टीम आहे. तिचे इंजिन जी१३बीबी असून त्यात चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, ७४ मि.मी. बोअर आणि ७५.५ मि.मी. स्ट्रोक, म्हणजे एकूण १२९८ घन सें.मी. असा हिशेब आहे, आणि कारखान्यातून निघताना ते ८५ अश्वशक्तीचे होते. भाट्याच्या खाऱ्या वाऱ्याने दारांचे खालचे काठ आणि मागच्या चाकांवरचे पत्रे खाल्ले आहेत. इंजिन मात्र अजून तेल जाळत नाही आणि चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन एकमेकांच्या जवळ आहे. त्याच भरवशावर हा उद्योग हाती घेतला आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्राशी विसंगत ठरतील असे फेरबदल वाहनात करता येत नाहीत. म्हणून ही गाडी यापुढे सार्वजनिक रस्त्यावर धावणार नाही. ऑटोक्रॉसच्या, म्हणजे मोकळ्या जागेतल्या वेळेच्या शर्यतीच्या, मैदानावर ती टेम्पोवरून जाईल, आणि चाचण्या काकांच्या बंद पडलेल्या चिरेखाणीच्या आवारात होतील.

मूळ रचनेत एक थ्रॉटल, त्यामागे हवेची एक सामाईक पेटी आणि तिच्यातून निघालेल्या चार वाटा असतात. पेडल दाबल्यावर आधी ती पेटी भरावी लागते, मग सिलिंडरांना हवा मिळते. प्रत्येक वाटेवर इनटेक व्हॉल्व्हच्या जवळ स्वतंत्र थ्रॉटल बसवला, तर थ्रॉटलची झडप आणि इंजिनाचा व्हॉल्व्ह यांच्यामधली हवा अगदी थोडी उरते आणि इंजिन पायाला तत्काळ उत्तर देते. बीएमडब्ल्यूने पहिल्या एम३ गाडीमध्ये आणि टोयोटाने १९९१ च्या वीस व्हॉल्व्हच्या ४ए-जीई इंजिनामध्ये हीच रचना कारखान्यातूनच दिली होती. मला अश्वशक्तीपेक्षा हे उत्तर हवे आहे. वरच्या आरपीएमला, म्हणजे मिनिटाला जास्त फेऱ्यांना, दहाएक अश्वशक्ती वाढल्यास ती पदरात पाडून घेईनच.

थ्रॉटलच्या बॉड्या, म्हणजे झडपा बसवलेले नळीचे तुकडे, एका अपघातग्रस्त सुझुकी मोटारसायकलवरच्या आहेत. चारही एका रांगेत आहेत आणि झडपेपाशी व्हर्नियरने ३८ मि.मी. भरतात. चार झडपांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे ४५ चौरस सें.मी. होते, जे मूळच्या एका थ्रॉटलच्या दुपटीहून अधिक आहे. वरच्या टोकाला ही चैन असली, तरी पेडलच्या पहिल्या बोटभर हालचालीत ती डोकेदुखी ठरणार, हे आत्ताच लिहून ठेवतो.

२६ मे

मोटारसायकलीच्या बॉड्यांमध्ये दोन-दोन झडपा आहेत. वरची झडप त्या गाडीचा संगणक स्वतःच्या मोटरने फिरवीत असे. मला तिचा उपयोग नसल्याने वरच्या झडपा आणि त्यांचे दांडे काढून टाकले आणि दांड्यांची भोके अ‍ॅल्युमिनियमची बुचे ठोकून, वर अ‍ॅराल्डाइट लावून बंद केली. ही भोके खालच्या झडपेच्या वरच्या बाजूस असल्याने तिथून चुकून थोडी हवा शिरली तरी ती मोजमापात बिघाड करीत नाही; मात्र धूळ शिरते, आणि आमच्याकडची जांभ्याची लाल धूळ पिठासारखी बारीक असते.

पेट्रोल फवारणारे इंजेक्टर ३ बार दाबावर एक मिनिट उघडे ठेवून चार सारख्या बाटल्यांत पेट्रोल गोळा केले. अनुक्रमे २०५, २०७, २०३ आणि १९८ मि.लि. भरले. चौथा स्वच्छ करून पुन्हा मोजला तेव्हा २०४ वर आला. शंभर अश्वशक्तीपर्यंत प्रत्येक सिलिंडरला मिनिटाला साधारण १६५ मि.लि. क्षमतेचा इंजेक्टर पुरतो, त्यामुळे इथे चिंता नाही.

याच निमित्ताने पेट्रोलही तपासले. मोजपात्रात ९० मि.लि. पेट्रोल आणि १० मि.लि. पाणी घेऊन खळखळून हलवले आणि अर्धा तास ठेवले. इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याकडे जाते, त्यामुळे खालचा थर २६ मि.लि. झाला. म्हणजे ९० मध्ये १६ मि.लि. इथेनॉल, जवळपास अठरा टक्के. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते आणि इथेनॉलला ९ पट, म्हणून या मिश्रणाला १४.७ चा आकडा धरून चालणार नाही. पुढच्या सर्व नोंदी लॅम्डामध्ये असतील, कारण इंधन कोणतेही असले तरी लॅम्डा १.०० म्हणजे हवा आणि इंधन यांचा पूर्ण मेळ; त्याहून कमी म्हणजे इंधन जास्त, अधिक म्हणजे हवा जास्त. इथेनॉल जुन्या रबराला सोसत नाही, म्हणून रबरी पाइपही बदलावे लागणार आहेत.

९ जून

पाऊस लागला आहे आणि काम थांबले आहे.

मोटारसायकलीच्या दोन बॉड्यांमधले अंतर एस्टीमच्या दोन पोर्टांमधल्या, म्हणजे हेडमधल्या हवेच्या तोंडांमधल्या, अंतरापेक्षा कमी आहे, आणि मधल्या जोडीत थ्रॉटलच्या केबलची पुली असल्याने तिथले अंतर बाजूच्या जोड्यांपेक्षा निराळे आहे. म्हणून तीन स्पेसर दोन मापांचे लागतात, शिवाय बांधणीचे लांब दांडे आणि इंधनाची नवी नळी. हे सगळे लेथचे काम आहे, आणि १ जूनपासून मासेमारी बंद झाल्याने मिरकरवाड्याच्या नौका किनाऱ्याला लागल्या आहेत. वर्षभर तुंबलेली त्यांची शाफ्टची आणि पंख्याची कामे याच दोन महिन्यांत उरकायची असतात. लेथवाल्या काकांना मी कागद दाखवला, तेव्हा त्यांनी तो नीट घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "होडीचं काम आधी. तुझी गाडी काय दर्यात जायची नाहीये." यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

१४ जुलै

पोर्टांच्या पॅकिंगवरून कागदी साचा काढून १० मि.मी. जाडीच्या अ‍ॅल्युमिनियम पट्टीचा फ्लँज, म्हणजे हेडवर बोल्टने बसणारी बैठक, मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत कापून घेतला. त्यावर चार आखूड नळ्या आर्गनने वेल्ड करायच्या होत्या. हेडकडची भोके लांबट आहेत आणि नळ्या गोल, म्हणून फणसाच्या लाकडाचा ठोकळा आत घालून प्रत्येक नळीचे एक टोक व्हाइसमध्ये दाबून लांबट केले आणि उरलेला फरक कानसीने काढला.

वेल्डिंगच्या वेळी फ्लँज जाड लोखंडी पाटावर बोल्टने आवळून ठेवला होता. तरीही थंड झाल्यावर पट्टी ठेवून पाहिली, तेव्हा मध्यभागी ०.३५ मि.मी. पोक आले होते. ते सरफेस ग्राइंडरवर काढून टाकले.

एक गोष्ट मनाला पटलेली नाही, पण नोंदवून ठेवतो. वेल्डरने दोनदा सांगितले की या हवेत अ‍ॅल्युमिनियमला हात लावू नये. दमट हवेत पत्र्यावर आणि भरावाच्या काडीवर ओल धरते, आर्कच्या उष्णतेत तिच्यातला हायड्रोजन वितळलेल्या धातूत मिसळतो आणि धातू थिजताना बारीक बुडबुड्यांच्या रूपाने आत अडकतो. मी नळ्या भट्टीजवळ तापवून पुसल्या आणि काम आजच उरकण्याचा आग्रह धरला. वेल्ड वरून सुबक दिसतात.

२८ जुलै

बॉड्यांच्या तोंडावर बसवायची कर्णे फायबरची करायची ठरवली. होड्यांना फायबरचा थर देणारे एक गृहस्थ ओळखीचे आहेत. लाकडी साच्यावर मेण लावून त्यांनी चार नग काढून दिले. पावसाळ्यात रेझिन नीट घट्ट होत नाही आणि पृष्ठभाग चिकट राहतो, म्हणून दोन बल्ब लावून खोली तापवावी लागली.

व्हॉल्व्हपासून कर्ण्याच्या ओठापर्यंत एकूण लांबी ३०० मि.मी. ठेवली आहे. त्यामागे थोडे गणित आणि पुष्कळशी बॉनेटची सोय आहे. व्हॉल्व्ह उघडून पिस्टन खाली जाऊ लागला की नळीत दाबाची घट निर्माण होते. ती ध्वनीच्या वेगाने बाहेर धावते, उघड्या तोंडावर उलटून दाबवाढ होऊन परत येते आणि व्हॉल्व्ह मिटण्याआधी पोहोचली तर सिलिंडरमध्ये चिमूटभर जास्त हवा कोंबते. पावसाळी तापमानात ध्वनीचा वेग सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास धरला, तर जाऊन-येऊन ६०० मि.मी. अंतराला १.७ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात ६५०० आरपीएमवर क्रँक सुमारे ६७ अंश फिरतो आणि ३००० वर केवळ ३१ अंश. वेळ एकाच आरपीएमच्या पट्ट्यात नेमकी साधते. इतरत्र ती लाट कधी उपयोगाची असते, कधी आड येते. खालच्या पट्ट्यात काही गमवावे लागणार हे मान्य केले आहे.

१९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

स्पेसर, दांडे आणि नवी पुली हातात आली. पैसे विचारले तर लेथवाले काका म्हणाले, "आज नारळ सोड, पैशांचं उद्या बघू."

पुलीविषयी थोडे. मोटारसायकलीच्या मुठीपेक्षा कारचे पेडल केबल जास्त ओढते. मूळ पुली ठेवली असती तर अर्ध्या पेडलला थ्रॉटल पूर्ण उघडला असता आणि उरलेल्या ताकदीने पायाने दांडाच पिळला असता. नवी पुली मोठी आहे आणि गोल नाही. सुरुवातीला तिची त्रिज्या जास्त आहे आणि पुढे ती कमी होत जाते, त्यामुळे पेडलचा पहिला तिसरा हिस्सा झडपांना अगदी थोडे फिरवतो. पेडलच्या मागे पक्का अडथळाही बसवला, जेणेकरून शेवटचा जोर केबलवर न येता फरशीवर जावा.

१ सप्टेंबर

इंजिन पहिल्यांदा सुरू झाले.

इंधन आणि इग्निशन दोन्ही आता स्पीडुइनो हा मुक्त आराखड्याचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, सांभाळतो. क्रँकवर त्याची जागा सांगणारे ३६ उणे १ दातांचे, म्हणजे एक दात गाळलेले, चाक आहे, दोन जोड-कॉइल आहेत, एकेक १-४ आणि २-३ साठी, आणि सायलेन्सरच्या पाइपमध्ये बॉशचा एलएसयू ४.९ हा लॅम्डा मोजणारा रुंद पट्ट्याचा सेन्सर आहे. प्रथम इंजेक्टरांची वायर काढून स्टार्टर मारला आणि टायमिंग लाइटने ठिणगीच्या वेळेचे पडद्यावरचे अंश आणि क्रँकच्या पुलीवरचे अंश जुळतात की नाही ते पाहिले. सात अंशांचा फरक निघाला, तो दुरुस्त केला. ही पायरी गाळून पुढे ट्यूनिंग करणे म्हणजे चुकीच्या घड्याळावर गाडी पकडायला निघणे होय.

ईसीयूला हवा किती येते ते कसे कळणार, हा या रचनेचा मूळ प्रश्न आहे. सामाईक पेटी नसल्याने प्रत्येक नळीतला दाब प्रत्येक श्वासाबरोबर धडधडतो, आणि थ्रॉटल थोडासा उघडला की तो वातावरणाच्या दाबाजवळ जाऊन बसतो. मग पाव उघडे आणि पूर्ण उघडे यांत दाबमापकाला फरकच दिसत नाही. म्हणून इंधनाचा तक्ता दाबाऐवजी थ्रॉटलच्या कोनावर आणि आरपीएमवर बांधला आहे. तक्ता सोळा बाय सोळा घरांचा आहे. त्यातल्या आठ ओळी मी शून्य ते वीस टक्के उघडीपमध्येच खर्च केल्या, आणि उरलेल्या आठ वीस ते शंभर टक्क्यांत पसरल्या. फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची नळीही कोणत्याही पोर्टाला न जोडता मोकळी सोडली, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल देणाऱ्या नळीतला दाब कायम ३ बार राहतो आणि गणिताला एक गोंधळ कमी होतो.

इंजिन सुरू झाले, १६०० ला चढले, ६०० ला पडले, खोकले आणि बंद पडले. तिसऱ्या सिलिंडरची एक्झॉस्ट नळी इतरांपेक्षा थंड होती. पाण्याचा थेंब टाकला तर तिन्ही नळ्यांवर तो चरचरत उडून जाई, तिसरीवर मात्र सावकाश सुके.

११ सप्टेंबर

घरी गणपती आहेत, त्यामुळे गॅरेजला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ देणे शोभत नाही. तरी तिसऱ्या सिलिंडरचा छडा लागला.

त्याचा प्लग पांढराफटक होता, म्हणजे इंधन कमी किंवा हवा जास्त. इंजेक्टर पहिल्याशी अदलाबदल केला, दोष तिसऱ्यातच राहिला. झडप पूर्ण मिटवली तरी तिसरा सिलिंडर थोडी हवा घेतच होता. गरम इंजिनावर ब्रेक क्लीनर फवारून गळती शोधण्याची रीत आहे, पण घरात पाहुणे असताना आगीशी खेळण्याची माझी तयारी नव्हती. आरतीनंतर ताम्हनातून एक पेटती उदबत्ती उचलली. इंधनाच्या जोडांवर आधी हात फिरवून ते कोरडे असल्याची खात्री करून घेतली, इंजिन चालू ठेवले आणि उदबत्तीचा धूर प्रत्येक जोडाजवळून हळूहळू फिरवला. तिसऱ्या नळीच्या मुळाशी, वेल्डच्या खालच्या अंगाला, धुराची सरळ रेघ अचानक वाकली आणि धातूत शिरली.

तिथे टाचणीचे डोके जाईल एवढे छिद्र होते. जुलैतला बुडबुडा ग्राइंडरने उघडा पडला होता. वेल्डरचे म्हणणे खरे ठरले आणि माझी घाई मला परत मिळाली.

एवढ्याशा छिद्राने एवढा उत्पात कसा होतो, याचा हिशेब मी मुद्दाम करून पाहिला. आयडलिंगला, म्हणजे पेडल सोडून इंजिन नुसते चालू असताना, नळीतला दाब वातावरणाच्या निम्म्याहून कमी असतो, त्यामुळे छिद्रातून हवा ध्वनीच्या वेगाने आत शिरते आणि १ मि.मी. व्यासाच्या छिद्रातून तासाला सुमारे अर्धा किलो हवा जाते. या इंजिनाला आयडलिंगला तासाला साधारण पंधरा-सोळा किलो हवा लागते, म्हणजे सिलिंडरमागे चार. सामाईक पेटी असती, तर हा अर्धा किलो चौघांत वाटला गेला असता आणि कोणाच्या लक्षातही आला नसता. इथे तो एकट्या तिसऱ्याच्या वाट्याला येतो आणि त्याचे मिश्रण एकदम बारा टक्के पातळ करतो. स्वतंत्र थ्रॉटल म्हणजे चार वेगळी चुलाणी. एकीत पाणी जास्त पडले तर तिचाच भात बिघडतो.

२२ सप्टेंबर

फ्लँज काढून, भट्टीत तापवून, कोरड्या दिवशी तो जोड खरवडून पुन्हा वेल्ड केला. या वेळी चारही नळ्यांची तोंडे बंद करून आत पंपाने थोडी हवा भरली आणि फ्लँज पाण्याच्या घमेल्यात बुडवला. पहिल्या नळीतही एक बारीक बुडबुडा निघाला, तोही बुजवला. ही परीक्षा जुलैतच घ्यायला हवी होती.

मग समतोल साधण्यास सुरुवात केली. सलाइनची पारदर्शक नळी इंग्रजी यू आकारात फळीवर ठोकली, तिच्यात टू-स्ट्रोकचे तेल भरले आणि दोन टोके दोन सिलिंडरांच्या पोर्टांना जोडली. दोन्हींची ओढ सारखी असेल तर तेल दोन्ही बाजूंस समान उंचीवर राहते. एका किलोपास्कलच्या फरकाला ते अकरा-बारा सेंटिमीटर चढते, म्हणून हे साधन दाब मोजणाऱ्या महागड्या घड्याळांपेक्षा तीक्ष्ण आहे. प्रत्येक टोकाला बारीक भोकाचा जेट घातल्याशिवाय तेल नाचत राहते. तेल घेण्याचे कारण असे की ते चुकून इंजिनात गेले तर जळून जाते.

ते चुकून इंजिनात गेलेच. बदलाबदली करताना एक टोक सुटले, दुसऱ्याने सगळे तेल क्षणात ओढून घेतले आणि पुढची पाच मिनिटे आळीभर पांढरा धूर पसरला. शेजारच्या काकू खिडक्या लावून घेत म्हणाल्या, "नगरपरिषदेची डासांची फवारणी आज कशी काय आली?" मी दुरुस्ती केली नाही.

समतोलाची रीत अशी ठेवली. आधी झडपेच्या बाजूने जाणाऱ्या हवेचे चारही स्क्रू पूर्ण बंद केले. झडपांच्या फटीत एकच बारीक तार घालून चारही सारख्या उघडल्या. ज्या बॉडीवर पुली आहे तिला प्रमाण मानून तिच्या झडपेला हात लावला नाही. तिच्याशी शेजारची, मग दुसऱ्या बाजूची जोडी आणि शेवटी दोन जोड्या एकमेकींशी जुळवल्या. हे काम १८०० आरपीएमवर केले, कारण तिथे झडपेचा कोन महत्त्वाचा असतो. आयडलिंगला आल्यावर उरलेला फरक मात्र हवेच्या स्क्रूंनीच मिटवला. दोन्ही कामे एकाच स्क्रूने करू पाहिली तर आयडलिंग जुळते आणि पेडल जरा दाबले की गाडी थरथरते. मी पहिल्या रात्री नेमके तेच करीत होतो.

नंतर मित्राकडून हवेचा प्रवाह मोजणारे घड्याळ मिळाले, ते कर्ण्यावर टेकवून पाहिले. आधीचे आकडे ५, ३.५, ४ आणि २.५ होते, आताचे चारही ४ च्या काट्यावर किंचित मागेपुढे.

६ ऑक्टोबर

आता आयडलिंग ९५० वर उभे राहते, पण त्यात झडपांचे श्रेय अर्धेच आहे. या बॉड्यांवर आयडल व्हॉल्व्ह नाही. रेडिएटरचा पंखा सुरू झाला की अल्टरनेटर जड होतो, आरपीएम पडते आणि हवा वाढवणारे कोणी नसल्याने इंजिन बंद पडते. म्हणून इग्निशनला कामाला लावले. ९५० ला टायमिंग, म्हणजे ठिणगी किती आधी पडते ते, १२ अंश ठेवले. आरपीएम ८५० च्या खाली गेली तर ते १८ पर्यंत वाढते आणि ११०० च्या वर गेली तर ८ पर्यंत उतरते. टायमिंगचा परिणाम पुढच्याच स्फोटात दिसतो, त्यामुळे ही लगाम हवेच्या व्हॉल्व्हपेक्षाही चपळ ठरते.

पंख्याबरोबर आणखी एक गोम निघाली. बॅटरीचा दाब १३.८ वरून १२.६ व्होल्टवर येताच लॅम्डा ०.९६ वरून १.०४ ला जाई. इंजेक्टरला वीज मिळाल्यापासून सुई उचलेपर्यंत काही वेळ फुकट जातो, आणि दाब उतरला की तो वाढतो. आयडलिंगला इंजेक्टर मुळात दोन-अडीच मिलिसेकंदच उघडा असतो, त्यामुळे फुकट वेळातली एक दशांश मिलिसेकंदाची चूकही तिथे ढळढळीत दिसते. व्होल्टेजचा तक्ता तीन संध्याकाळी हेडलाइट आणि पंखा चालू-बंद करून बसवला.

तीस टक्के उघडीपच्या वरची सारी घरे दोन तासांत भरून झाली. पूर्ण थ्रॉटलला ०.८७, मधल्या पट्ट्यात ०.९५. तिथे इंजिन क्षमाशील आहे. शून्य ते दहा टक्क्यांतली घरे मात्र अजून रोज बदलतो आहे. एक टक्का उघडीप म्हणजे तिथे हवेत दुपटीचा फरक.

२० ऑक्टोबर

ब्रेक. ही नोंद आधी यायला हवी होती, कारण ब्रेकच्या बूस्टरला, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याला, इंजिनाची ओढ मिळाल्याशिवाय गाडी आवारातसुद्धा हलवू नये. चारही नळ्या थेट एकत्र जोडल्या, तर त्या वाटेने सिलिंडर एकमेकांची हवा चोरतात आणि सप्टेंबरातला सारा समतोल पाण्यात जातो. म्हणून प्रत्येक नळीवर स्वतंत्र एकमार्गी व्हॉल्व्ह बसवून त्या लोखंडी पाइपच्या दोन लिटरच्या टाकीत आणल्या आणि टाकीतून एक जाड नळी बूस्टरला दिली. इंजिन बंद करून पेडल तीनदा दाबले, तिन्ही वेळा ते मऊ होते आणि चौथ्या वेळी घट्ट झाले. मैदानासाठी एवढा साठा पुरेसा आहे.

१० नोव्हेंबर

गाडी टेम्पोवरून आंबा घाटाने वर, कोल्हापूरजवळच्या एका मैदानावर नेली. रत्नागिरीत जुळवलेले मिश्रण तिथे गडद, म्हणजे जास्त पेट्रोलचे, झाले. पूर्ण थ्रॉटलला लॅम्डा ०.८७ ऐवजी ०.८२ दिसू लागला आणि वळणातून निघताना इंजिन गुदमरल्यासारखे करीत होते. थोड्या वेळाने उलगडा झाला. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, तिथे हवेचा दाब आमच्या किनाऱ्यापेक्षा सुमारे सहा टक्के कमी असतो, आणि केवळ थ्रॉटलच्या कोनावर चालणाऱ्या ईसीयूला उंची कळण्याचा मार्ग नसतो. त्याने किनाऱ्याच्या हिशेबाने पेट्रोल ओतले. दाबाचा सेन्सर माझ्या बोर्डावर आहेच. तो मोकळ्या हवेत सोडून वातावरणाच्या दाबाची दुरुस्ती चालू केली आणि आकडे जागेवर आले.

एका थ्रॉटलच्या मूळ रचनेवर दुसऱ्या गिअरमध्ये ३००० ते ६००० आरपीएमला ६.० सेकंद लागत होते, आता ५.४ लागतात. २०००ते ३००० च्या पट्ट्यात मात्र आधीपेक्षा किंचित सुस्ती आहे, ती अपेक्षेप्रमाणे.

परतल्यावर कर्णे उघडली. चौथ्याच्या आत तांबडी रेघ होती. स्पंजच्या फिल्टरचा काठ तिथे नीट बसलेला नव्हता. फिल्टर पुन्हा तेलात भिजवून, पिळून, काठाला ग्रीस लावून बसवला.

१ डिसेंबर

तीन आठवडे तक्त्यातले एकच घर धरून बसलो होतो: ४ टक्के उघडीप, १५०० आरपीएम. पहिल्या गिअरमध्ये हळू चालताना पाय किंचित हलला की गाडी गचके देई, गचक्याने पाय आणखी हले आणि मग थांबेच ना. इंधन वाढवून पाहिले, कमी करून पाहिले. शेवटी त्या घरांतले टायमिंग २६ वरून १९ अंशांवर आणले आणि शेजारच्या घरांकडे जाणारा उतार सौम्य केला. थ्रॉटल उघडताना दिले जाणारे जादा इंधनही निम्मे केले. झडप व्हॉल्व्हच्या इतक्या जवळ आणि इंजिन तापलेले असताना ते एवढे लागत नव्हते.

आज सकाळी मोठ्या भावाला चावी दिली. त्याला या गाडीत काय बदलले आहे यात रस नाही. त्याने पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि पेडलला पाय न लावता गाडी अंगणाचा चढ चढली, तुळशीवृंदावनाला वळसा घालून परत शेडपाशी आली. उतरताना तो म्हणाला, "आवाज मोठा आहे रे, पण चालते नेहमीसारखीच."